‘कुणाच्या हातचं?’ : विलायती जेवण आणि आपण

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या मित्रमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. ओळखीतला एक पोरगा शिकायला इंग्लंडला गेलाय. त्यानं तिथलं रात्रीचं जेवण टाकलं होतं. भाजलेल्या पावाचे दोन काप आणि त्यावर ओतलेला डब्यातला घेवडा, टोमॅटोच्या गोडसर रस्स्यात. ‘बीन्स ऑन टोस्ट’ म्हणतात त्याला. तिकडं घरोघरी खातात.

झालं. ग्रुप पेटला. एकजण म्हणाला, आमच्या म्हशीचं अंबोण याच्यापेक्षा चवदार असतंय. दुसरा म्हणाला, दीडशे वर्षं राज्य केलं आणि एक कांदा-लसूण चटणी न्यायचं सुचलं नाही व्हय यांना? मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी गैबी चौकात चहाच्या गाड्यावर तोच विषय. तिथं एक आजोबा रोज येतात, वय ऐंशीच्या पुढं. फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, “हे करून कोण घालतंय? आणि ह्यो जेवायला बसतोय कुणाच्यात?”

सगळे पुन्हा हसले. मला मात्र दिवसभर तो प्रश्न सुटला नाही. कारण आम्ही चवीवर बोलत होतो आणि आजोबांनी आपल्या मुलखाचा खरा जुना प्रश्न विचारला होता. साहेबाचं खाणं आपल्या लोकांपुढं पहिल्यांदा आलं तेव्हा ‘कसं लागतंय?’ हे कुणी विचारलंच नव्हतं. ‘कुणाच्या हातचं?’ एवढंच विचारलं होतं.

आधी त्या फिक्या जेवणाची बाजू सांगतो, म्हणजे अन्याय नको. इंग्रज माणूस दमून भागून घरी आला की त्याला बटाट्याचा लगदा, खिम्यावर बटाटा घालून भाजलेला पाय, रविवारी भाजलेलं मांस, तांदळाची दुधातली खीर असलं काहीतरी लागतं. आपल्याला पिठलं-भाकरी लागते तसंच. पिठल्याचा फोटो काढून परक्या माणसाला दाखवला तर तो तरी काय म्हणेल? शिवाय त्यांच्यावर एक काळ असा गेलाय की त्याची आपल्याकडं फारशी चर्चा होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं. मग मांस, चहा, चीज. पाव युद्धात मोकळा होता, तो युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ रेशनवर होता. सगळं रेशन उठायला ४ जुलै १९५४ उजाडला. चौदा वर्षं! तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी हे गरिबाचं खाणं मात्र सरकारनं कधी रेशनवर टाकलं नाही. टाकलं असतं तर लोक खचले असते. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि मिलोची भाकरी ज्यांनी खाल्लीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि आपण ज्या मिरचीच्या जोरावर हसतो, ती तरी कुठं आपली? मिरची, बटाटा, टोमॅटो सगळं अमेरिका खंडातून आलेलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची इकडं आली. आपण ती घेतली, ब्याडगी झाली, संकेश्वरी झाली, लवंगी झाली. इंग्रजांनी आपली खिचडी नेली, तिच्यात मासा आणि उकडलेलं अंडं घातलं, ‘केजरी’ म्हणून न्याहारीला खाल्ली. खाणं सीमा ओलांडतंच. माणसानं ओलांडली की भानगड होते.

ही भानगड कशी व्हायची ते बघा.

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांना जाहीर सभेत उभं राहून खुलासा करावा लागला. मी हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणूनच परत येईन, खाणंपिणं, पोशाख बदलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अठराही पुरी न झालेली पोरगी! ती तिथं काय शिकणार यापेक्षा तिथं काय खाणार याची लोकांना जास्त काळजी. तिनं शब्द पाळला. १८८६ ला डॉक्टर झाली, आणि परत आल्यावर काही महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात वारली.

तिचे नवरे गोपाळराव जोशी. फार तऱ्हेवाईक माणूस. बायकोला शिकवलं त्यांनीच आणि छळलंही त्यांनीच. या गोपाळरावांनी १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात एक कारस्थान केलं. पंच हौद मिशनच्या शाळेत व्याख्यान ठेवलं आणि गावातली बडी मंडळी बोलावली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान संपलं आणि पाद्री मंडळींनी पाहुण्यांपुढं चहा आणि बिस्किटं ठेवली.

आता विचार करा. इंग्रजाच्या घरी पाहुणा आला की पहिली गोष्ट काय, तर चहा-बिस्कीट. त्यांच्यातलं सगळ्यात साधं, सगळ्यात मायेचं आदरातिथ्य. पण त्या खोलीत बसलेल्या पुढाऱ्यांच्या घशाला कोरड पडली असणार. कुणी चहा घेतला, कुणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला, कुणी नाही म्हणालं.

गोपाळराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या सनातनी मंडळींच्या पत्रात छापून आणली. आणि पुण्यात जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. चौकशी बसली. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीचा बहिष्कार. चहा प्यालेल्यांकडं लग्नकार्याला भटजी मिळेना, सोयरीक अडायला लागली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ ला प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नाही, तर आपल्यापायी मित्रांची घरं अडचणीत येतायत म्हणून. हे रानडे आपल्या कोल्हापुरात लहानाचे मोठे झालेले, इथल्या इंग्रजी शाळेत शिकलेले. हायकोर्टाच्या खुर्चीपर्यंत पोचणारा माणूस, पण एका कप चहासाठी प्रायश्चित्ताला बसावं लागलं.

या सगळ्या प्रकरणात ते बिस्कीट गोड होतं का खारं, चहात दूध होतं का नव्हतं, यावर वाद झाला नाही. चवीचा प्रश्नच आला नव्हता.

चवीचा प्रश्न ज्यांनी प्रामाणिकपणे मांडला त्यांत गांधीजी आहेत. १८८८ ला ते लंडनला निघाले तेव्हा जहाजावर चढायच्या आधीच त्यांच्या जातीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. खाल्लं काहीच नव्हतं, तरी! आईला मांस-मद्य शिवणार नाही असा शब्द दिलेला. तिथं घरमालकीण उकडलेली भाजी वाढायची, मीठ-मसाला नाही. सकाळी ओटची लापशी तेवढी पोट भरायची. दुपारी-रात्री पावाचे दोन-तीन तुकडे, जॅम, उकडलेली पालेभाजी. जास्त मागायची लाज. पोरगा उपाशीच राहायचा. पण पुढं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय की जी पालेभाजी आधी बेचव लागायची, तीच मसाल्याची सवय सुटल्यावर गोड लागायला लागली. चव जिभेत नसते, मनात असते, असा त्यांचा निष्कर्ष.

ज्यांना गांधीजी राजकीय गुरू म्हणायचे ते गोपाळ कृष्ण गोखले आपल्या कागलचे. जन्म कोतळूकचा, पण वडील कागलात नोकरीला होते आणि गोखल्यांचं बालपण इथलं. वडील वारल्यावर थोरल्या भावानं शाळा सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. १९१४ ला लंडनमध्ये गांधीजी आजारी पडले, खायचं काय तर शेंगदाणे आणि फळं. तेव्हा ‘डॉक्टर सांगतात ते ऐका, दूध घ्या’ म्हणून मागं लागले होते ते हेच आपले गोखले. दुसऱ्याच्या ताटाची काळजी करणं म्हणजे काय, हे ८ रुपयांवर शिकलेल्या पोराला ठाऊक असणार.

आता १९०२ सालात या. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक. हिंदुस्थानातले राजे लंडनला निघाले. जयपूरच्या महाराजांनी काय केलं, तर अख्खं जहाज भाड्यानं घेतलं आणि माणसाच्या उंचीचे चांदीचे रांजण गंगाजलानं भरून बरोबर नेले. विलायतेचं पाणी नको म्हणून. ते रांजण आजही जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात. भला मोठा खर्च, पण प्रश्न तोच. कुणाच्या हातचं?

त्याच समारंभाला आपले शाहू महाराज गेले होते. कागलच्या घाटग्यांचा मुलगा यशवंतराव, १८८४ ला दत्तक जाऊन करवीरचा छत्रपती झालेला. त्या दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठानं त्यांना एलएल.डी. दिली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ ला, करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवायचा आदेश निघाला. एक राजा परदेशी जाताना आपलं पाणी बरोबर नेतो, आणि दुसरा राजा परदेशी असताना घरच्यांना त्यांचा वाटा देतो. दोन्ही एकाच साली, एकाच राज्याभिषेकाच्या निमित्तानं. आपण कुणाच्या गावचे, हे लक्षात ठेवा.

आणि पुण्यात ज्या चहानं ग्रामण्य घडवलं, त्याच चहाचं महाराजांनी कोल्हापुरात काय केलं ते तर सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. तरी सांगतो, कारण नव्या पोरांना माहीत नसतं.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांसाठीच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना म्हटलं, नोकरी नको, स्वतःचा धंदा कर. मदतही दिली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’. चहा चांगला, जागा स्वच्छ. पण गिऱ्हाईक येईना. कुणाच्या हातचं ते लोकांना माहीत होतं ना.

मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबायला लागली. भर रस्त्यात. महाराज स्वतः चहा मागवायचे, प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपती पितायत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कायदा, भाषण, परिषद हे सगळं महाराजांनी केलंच. पण रस्त्यात थांबून घेतलेल्या कपभर चहानं जे झालं, ते कागदावरच्या हुकमानं झालं नसतं. महाराज गेल्यावर काही वर्षांतच नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यात पुढाकार या गंगाराम कांबळ्यांचाच होता.

मार्च १९२० ची माणगाव परिषदही तशीच. तेव्हा माणगाव कागल जहागिरीत. तिथं महाराजांनी डॉ. आंबेडकर तुमचे पुढारी होतील असं जाहीर सांगितलं आणि त्यांना आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला बोलावलं. नुसतं कौतुक करून थांबले नाहीत, पंगतीला बोलावलं. फरक समजून घ्या.

त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. महाराजांची आर्थिक मदत त्यांना झाली होती. आणि इथं पुन्हा ते फिकं विलायती जेवण येतं. घरमालकीण सकाळी पावाचा एखादा काप, जरासा जॅम, माशाचा तुकडा आणि चहा द्यायची. मग दिवसभर ग्रंथालयात. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री पुन्हा तसंच थोडंफार. दहा वाजता पोटात आग पडायची. तेव्हा ते कपभर बोवरिल घ्यायचे. बोवरिल म्हणजे गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात कालवून पितात. इंग्रज माणूस थंडीत, आजारपणात, फुटबॉलच्या मैदानावर तेच पितो. आणि त्याच्या जोडीला ओळखीच्या माणसानं दिलेले पापड, पत्र्याच्या तुकड्यावर भाजलेले.

बोवरिल आणि पापड! अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. त्यावर रात्र काढून माणसानं रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला. किंग हेन्रीज रोडवरचं ते १० नंबरचं घर २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं, तुमच्यातल्या काहींनी बघितलंही असेल. मला त्यात एक गोष्ट लागते. स्वतःच्या देशात ज्या माणसाला सार्वजनिक पाण्याला शिवू दिलं नाही, त्याला लंडनची घरमालकीण पोटभर नाही पण वाढत तरी होती. चव नव्हती, भूक भागत नव्हती. पण ‘तू कोण?’ म्हणून ताट मागं घेतलं नव्हतं.

पुढं काय झालं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. चहाच्या मळेवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं. १९०३ ला चहावर उपकर बसवणारा कायदा झाला, त्या पैशातून पुढं गावोगाव, रेल्वे स्टेशनांवर, बाजारात फुकट चहा पाजून लोकांना सवय लावली. बिस्किटाला लोक बिचकायचे, तर दिल्लीत ‘हिंदू बिस्कीट’ नावाची कंपनीच निघाली. हात कुणाचे आहेत ते नावातच सांगितलं की झालं! मग मुंबईत पार्ल्याचा कारखाना १९२९ ला सुरू झाला, दहाएक वर्षांत तिथं ग्लुको बिस्कीट बनायला लागलं, आणि बिस्कीट प्रत्येक वाडीवस्तीवर पोचलं. आज कागल स्टँडवर पहाटेच्या एसटीची वाट बघत चहात बटर बुडवणाऱ्याला सांगा की हे इंग्रजाचं खाणं आहे, तो तुम्हालाच वेड्यात काढेल. लहानपणी ताप आला की आई काय द्यायची? चहा-टोस्ट. म्हणजे इंग्रजाचं आजारपणातलं खाणं आपल्या आजारपणातलं झालं. कुणी प्रायश्चित्त घेतलं नाही.

म्हणजे जीभ बदलली. मंडळी, हात बदलला का?

इथं स्वतःचं सांगतो. आमचं मूळ गाव तालुक्यातलंच. १९८७-८८ चा काळ, मी सहा-सात वर्षांचा. आमच्या शेतावर कामाला एक काका यायचे. त्यांचा कप-बशी वेगळी. घरात नाही, बाहेर वळचणीला खोचलेली. दुपारी चहा झाला की आजी मला किटली द्यायची आणि सांगायची, वरनं ओत, कपाला टेकवू नको. काका कप काढायचे, धुवायचे, धरायचे. मी वरनं ओतायचो. मग बिस्किटाच्या पुड्यातली दोन बिस्किटं त्यांच्या हातावर सोडायचो. चहा तोच. पुडा तोच. घरात आम्ही खायचो तेच. फक्त कप वेगळा. चहा पिऊन झाला की काका कप धुऊन परत वळचणीला खोचायचे.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत मात्र २६ जूनला शाहू महाराजांवर भाषण करून मी बक्षीस आणायचो. गंगारामांच्या हॉटेलाचा प्रसंग तोंडपाठ होता. त्या भाषणाचा आणि वळचणीच्या कपाचा काही संबंध आहे हे कळायला मला पत्रकारितेच्या डिप्लोमापर्यंत थांबावं लागलं. तोवर काका वारले होते. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता वळचण राहिली नाही, स्लॅबची घरं झाली. पण शहरात खोली भाड्यानं बघायला जा, ‘खाणंपिणं काय तुमचं?’ हा प्रश्न आधी येतो, आणि त्याचा अर्थ खाणंपिणं नसतो, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. गावजेवणात कोण वाढणार आणि कोण शेवटच्या पंगतीला बसणार हे अजून काही ठिकाणी न बोलता ठरतं. एमआयडीसीत बिहार-यूपीची पोरं चार-चार वर्षं काम करतात, आपल्यातल्या किती जणांनी त्यांना घरी जेवायला बोलावलंय? मी नाही बोलावलं. आपण त्यांच्या भाताला हसतो, ते आपल्या तांबड्या रश्श्याला घाबरतात, आणि तेवढ्यावर ओळख संपते.

म्हणून त्या बीन्स-टोस्टच्या फोटोवर हसायला माझी ना नाही. हसा. परक्याच्या ताटाला सगळं जग हसतं, त्यात मोठं पाप नाही. त्या पोराला मी नंतर फोन केला. विचारलं, कुणाबरोबर जेवतोस रे? म्हणाला, स्वयंपाकघर सामाईक आहे काका, एक नायजेरियाचा, एक पाकिस्तानचा, एक तिथलाच गोरा. बीन्स त्या गोऱ्यानं केले होते. परवा मी पिठलं केलं, तिघांनी खाल्लं, गोऱ्याच्या डोळ्याला पाणी आलं पण त्यानं सोडलं नाही.

गैबी चौकातल्या आजोबांना मी हे सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “मग बरं हाय की. बसतंय न्हवं चौघांत, मग खाईना काय बी.”

आजोबांना जे एका घोटात पटलं, ते आपल्याला पटायला अजून किती राज्याभिषेक लागणार आहेत, बघूया.